देवाने घेतलेला हात

माझ्या तोंडाला लगाम नाही हे आख्ख्या हिंगोलीला ठाऊक आहे. शहरी आरोग्य केंद्रात मी तेरा वर्षं आरोग्यसेविका आहे. लसीला घाबरून पोरं लपवणाऱ्या आयांना मी उभ्या गल्लीत फैलावर घेतलेलं आहे, आणि दारू पिऊन आलेल्या बापांना दवाखान्याच्या दारातून हाकललेलं आहे. बायका तोंडावर मला अपर्णाताई म्हणतात आणि माझी पाठ फिरली की फटाकडी म्हणतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट मनातून बरंच वाटायचं. आता तसं वाटत नाही.

आमच्या घराकडे वेशीतल्या मारुतीची सेवा आहे, चार पिढ्यांची. नवरा चिन्मय कळमनुरीला कारकून आहे, सकाळच्या गाडीने जातो आणि दिवे लागायच्या सुमाराला येतो. त्यामुळे सेवा अजून सासऱ्यांकडेच. त्यांचं नाव मार्तंड, पण घरात आणि गल्लीत सगळे त्यांना बाबाच म्हणतात. पहाटे अंघोळ, देवाला तेल, मग देवळाच्या ओट्यावर पंचांग घेऊन बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथी सांगायची. शनिवारी मारुतीला ताजा शेंदूर. मूर्तीवर शेंदराची खोळ एवढी जाड झाली आहे की आतला दगड कसा आहे हे कुणीच पाहिलेलं नाही.

या घराण्यात सेवेकऱ्याचा उजवा हात उतारवयात मनगटातून लोंबतो. बाबांच्या आजोबांचा लोंबत होता, वडिलांचा लोंबत होता आणि साठी ओलांडल्यावर बाबांचाही लोंबू लागला. बोटं वर उचलत नाहीत. ताट उचलायचं तर डाव्या हाताचा आधार द्यावा लागतो. पण घरात याला कुणी आजार म्हणत नाही. ‘देवाने हात घेतला’ असं म्हणायचं. ज्याची सेवा देवाला रुजू झाली त्याचाच हात देव घेतो, अशी समजूत. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी बाबांचा हात गेला आणि माझ्या सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. मनगट असं लोंबतं म्हणजे आत नस बिघडलेली असते, एवढं मला शिक्षणात कळलेलं होतं. पण सासरची गोष्ट, त्यात देवाची. सगळ्या गावाला बोलणारी मी, तिथे मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

पुढे आम्हाला अनुश्री झाली. आमची एकुलती एक. नातू नाही म्हणून बाबा कधी कष्टी झाले नाहीत. मारुतीच्या मूर्तीला आमच्याकडे बायका हात लावत नाहीत, पण शेंदूर कालवायला कुठे मनाई आहे, असं म्हणून त्यांनी तीन वर्षांच्या अनूलाच कामाला लावलं. खरं तर त्यांच्या हातात रगडायची ताकदच राहिली नव्हती. दर शुक्रवारी दुपारी पितळेची वाटी, कोरडा शेंदूर आणि तिळाचं तेल घेऊन आजोबा-नात ओट्यावर बसत. बाबा डाव्या हाताने पूड टाकत आणि अनू आपल्या इवल्या बोटांनी ती रगडत राही, गुठळी राहू द्यायची नाही म्हणून जीव लावून. रगडता रगडता बाबा तिला महिने शिकवत. चार वर्षांची असताना ती चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एका दमात म्हणायची, आणि मग खोडकरपणे फाल्गुनापासून उलटं. ओट्यावर बसलेली माणसं तोंडात बोटं घालायची.

तिच्या नखांतला शेंदूर कधी निघायचाच नाही. त्याच बोटांनी ती भाकरी खायची, तीच बोटं चोखत झोपायची. मला त्याचं कौतुक होतं. हळदीकुंकवाला गेले की मी तिचे हात पुढे करून दाखवायचे, देवाची पोर आहे म्हणून.

ती पहिलीत गेली आणि बाईंच्या तक्रारी सुरू झाल्या. लक्ष देत नाही, चिडते, काल शिकवलेलं आज विसरते. त्यातच पोट दुखायचं. जेवण तुटलं, चेहरा पांढुरका पडला. मी जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. तरी पोट दुखायचं राहीना, तेव्हा मीच बाबांना म्हणाले, “बाबा, देवाच्या पायाचा शेंदूर लावा बरं हिच्या पोटाला.” बाबांनी मारुतीच्या पायावरचा शेंदूर खरवडून आणला आणि बेंबीभोवती चोळला. तेव्हापासून रोज चोळू लागले. हे मी सांगितलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या केंद्राला नवीन काम आलं. शहरातल्या मुलांच्या रक्तात शिसं किती आहे ते तपासायचं, आणि घरोघर जाऊन लोकांना सावध करायचं. माझ्या वाट्याला भंगार गल्ली आली. तिथे गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि आतलं शिसं भट्टीत वितळवून विकतात. आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिशाची धूळ लेकरांच्या पोटात जाते, रक्त कमी करते, मेंदू खाते आणि बाहेरून काही दिसत नाही. पोट दुखतं, भूक मरते, शिकलेलं विसरतं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. उतरवताना एकदाही मला माझं घर आठवलं नाही.

गल्लीच्या तोंडाशीच रामसिंगचं घर. कळमनुरीकडच्या एका तांड्यावरून तो इथे बॅटऱ्या फोडायच्या कामाला आला होता. त्याची बायको निता दारात कपडे धूत होती. एकाच टोपल्यात रामसिंगची काळी झालेली पँट आणि त्यांच्या चार वर्षांच्या देविदासचे सदरे. माझं डोकं फिरलं.

“अगं, अक्कल गहाण टाकलीस का?” मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले. “नवऱ्याच्या कपड्यातलं विष लेकराच्या अंगात घालतेस! आई आहेस का कोण आहेस तू?”

निता उठून उभी राहिली. तिचे हात फेसाने भरलेले होते. “ताई, आमाला कुणी सांगितलंच न्हाई आजवर,” ती म्हणाली. “मुद्दाम करून राहिलो का आमी?”

“डोळे आहेत ना? घरात काय येतं ते आईला दिसत नाही?”

तिने मान खाली घातली. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. मी तावातावाने पुढच्या घरी गेले.

तपासणीच्या दिवशी गल्लीतल्या शाळेच्या खोलीत आम्ही टेबल मांडून बसलो. नांदेडहून शितल नावाची मुलगी यंत्र घेऊन आली होती. बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त घ्यायचं, तीन मिनिटांत आकडा. पण एक बाई आत येईना. मी सगळ्यांना एवढं झोडपलं होतं की त्या दाराबाहेरच घोळका करून उभ्या होत्या. मग मला युक्ती सुचली. मी घरी जाऊन अनूला घेऊन आले.

“या, बघा,” मी बायकांना म्हणाले. “माझ्या पोटच्या पोरीला आधी टोचतेय. काही होत नाही.”

शितलने अनूचा हात साबणाने दोनदा धुतला, स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं. बोळा केशरी झाला. “हे काय?” तिने विचारलं. मी हसले. “आमच्या मारुतीचा शेंदूर आहे. ती देवाची पोर आहे.” शितलने बोट पुन्हा पुसलं आणि टोचलं. अनू रडली नाही. बायकांना धीर आला, निता सगळ्यात आधी देविदासला घेऊन बसली.

देविदासचा आकडा एकतीस आला. पाचच्या आत असायला हवा होता. मी निताकडे बघितलं, बघ मी काय सांगत होते, अशा नजरेने. तेवढ्यात शितलने मला बाजूला बोलावलं.

“ताई, तुमच्या मुलीचा आकडा आधीच आला होता, बायकांपुढे बोलले नाही. अठ्ठेचाळीस आहे.”

“यंत्र चुकलं असेल. आम्ही कुठे भंगारात काम करतो?”

तिने अनूचा हात पुन्हा धुतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटातून थेंब घेतला. सत्तेचाळीस. मग दंडातून रक्त काढून नांदेडला पाठवायचं ठरलं. मी अनूला कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोर, पण कडेवर काहीच वजन लागलं नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

माझा राग निताकडेच वळला. शनिवारी देविदास बापाबरोबर देवळाच्या ओट्यावर खेळायला यायचा, त्यानेच आणलं असेल असं मी मनाशी धरलं. तशीच तिच्या दारात जाऊन उभी राहिले. “तुमच्या घाणीने माझी पोर आजारी पाडली,” मी म्हणाले. आणखीही बरंच बोलले, ते आता लिहवत नाही.

रामसिंग घरात होता. तो बाहेर आला आणि माझ्याशी काही न बोलता अनूसमोर उकिडवा बसला. तिचा हात हातात घेऊन त्याने नखं पाहिली, बोटं हुंगली.

“ताई, रागावू नका,” तो म्हणाला. “हा शेंदूर पोरगी रोज हाताळती का?”

“आठवड्याला कालवते. देवासाठी. का?”

“काहून की शिसं भट्टीत लई वेळ तापत ठेवलं, तर वर आदी पिवळी भुकटी धरती. आनखी तापवलं की ती अशीच लाल व्हती. शेंदूर त्येचाच असतो, ताई. आमच्या धंद्यात सगळ्याला ठावं हाय. मी दर शनवारी तुमच्या मारुतीला येतो, पन कपाळाला लावून झालं की हात धुतो.”

“देवाच्या शेंदराला नावं ठेवतोस?” मी म्हणाले. पण बोळा केशरी झाला होता ते मला आठवलं.

घरी येऊन कपाटातली शेंदराची पुडी घेतली आणि शितलला दिली. चार दिवसांनी तिचा फोन आला. त्या पुडीत शिशावाचून फारसं काही नव्हतंच. अनूच्या दंडातल्या रक्ताचा आकडा पन्नास आला होता. तिने विचारलं, घरात आणखी कुणाला त्रास आहे का, हातपाय लुळे पडणं वगैरे. शिशाने मोठ्या माणसाचं मनगट असं लोंबतं म्हणे. मी फोन ठेवला आणि तशीच देवळाकडे निघाले.

बाबा ओट्यावर होते. शुक्रवार होता. वाटी, तेल, सगळं मांडून ते अनूची वाट बघत होते. मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू आवाजात बोलले असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“गाणाऱ्याला शेंदूर खाऊ घातला की त्याचा गळा जातो,” ते म्हणाले. “ही गोष्ट मी याच ओट्यावर किती पोरांना सांगितली. मला ठाऊक होतं, अपर्णा. पण तो दुसऱ्याचा शेंदूर वाटायचा. आपला देवाचा होता ना.”

मी वाटी माझ्याकडे ओढून घेतली.

“आणि हा?” त्यांनी डाव्या हाताने आपला लोंबता हात उचलून माझ्यापुढे धरला. “हा देवानं घेतला न्हाई?”

“नाही, बाबा.”

“माझ्या वडलांचा?”

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हात मांडीवर ठेवला, पदराखाली लेकरू झाकतात तसा धोतराच्या टोकाने झाकला. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “हात गेला म्हणून मी पोरीला बसवलं,” ते म्हणाले. “म्हणजे माझा हात खाऊन त्याचं पोट भरलं न्हाई, म्हणून मी आनखी एक नेऊन दिला.”

अनूला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. शिसं बाहेर काढायचं औषध तिथे नव्हतं, ते हैदराबादहून मागवावं लागलं. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. एकोणीस दिवस ती ते नाक दाबून गिळत होती. डॉक्टर भले होते, खोटं बोलले नाहीत. शिसं हळूहळू कमी होईल, म्हणाले, हाडांतलं निघायला वर्षं लागतील. आणि मेंदूचं जे गेलं ते किती परत येईल, सांगता येत नाही. चिन्मय खोलीबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी विचारायला हवं ते सगळं विचारलं, वहीत उतरवलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

परत आल्यावर पहिल्यांदा निताकडे गेले. वाटेत बोलायचे शब्द जुळवत होते. ती दारातच होती. दोरीवर रामसिंगचे कपडे वेगळे वाळत होते, पोराचे वेगळे. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, “ताई, लेकरू कसं हाय?” ती मला एखादा शब्द टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. डोळे आहेत ना, असं तिने मला विचारायला हवं होतं. तिने फक्त पाट दिला आणि चहा टाकला.

भंगार गल्लीची दुसरी तपासणी मी वेशीतल्या मारुतीपुढे घ्यायची ठरवली, शनिवारी सकाळी. आता गल्लीच नाही, गावातल्या ज्या घरात शेंदूर हाताळतात त्या सगळ्यांना बोलावलं. माणसं जमली, पण पुटपुटत होती. कालपर्यंत बॅटऱ्यांना बोलत होती, आज देवाला बोलायला लागली, असं एकजण मला ऐकू येईल असं म्हणाला. मी बोलायला उभी राहिले आणि मला बोलताच येईना. कुठल्या तोंडाने बोलणार होते?

बाबा उठले. ओट्याच्या कडेशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात डाव्या हाताने वर धरला. मनगट खाली पडलं.

“हा हात तुमी सगळ्यांनी पायासारखा धरून कपाळाला लावला हाय,” ते म्हणाले. “देवानं घेतला म्हणून. तो देवानं घेतलेला न्हाई. शिशानं घेतलेला हाय. माझ्या बापाचा बी आणि त्याच्या बापाचा बी. आमी तीन पिढ्या तुमाला खोटं सांगितलं. आमाला ठाऊक नव्हतं, पण खोटंच ते.”

“बाबा, असं बोलू नका, देव कोपंल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कोपायचा तो कोपून झाला,” बाबा म्हणाले. “माझी नात बघा. आणि आपापली लेकरं घेऊन या.”

ते खाली बसले. त्या दिवसानंतर त्यांच्या हाताला कुणी कपाळ लावलं नाही. कुणी तिथीही विचारायला फारसं येत नाही. मारुतीला आता नुसतं तेल आणि रुईच्या पानांची माळ असते. काही जण घरून शेंदराच्या पुड्या आणून बाबांच्या देखत मूर्तीला फासून जातात. बाबा ओला फडका घेऊन ते पुसतात आणि स्वतःचे हात साबणाने धुतात. पण त्या शनिवारी एकशे बारा लेकरांची तपासणी झाली. पुष्कळ आकडे वाईट होते. शेंदूर विकणारी दोन घरं निघाली, तिथल्या सगळ्या मुलांचे.

तीन महिन्यांनी अनूची तपासणी झाली, आकडा बावीस आला. शितलने फोनवर आनंदाने सांगितलं. मी येताना बुंदीचे लाडू घेतले. शाळेतल्या बाई मात्र त्याच दिवशी भेटल्या होत्या. हिला यंदा पहिलीतच आणखी वर्षभर बसू द्या, असं त्यांनी चाचरत सुचवलं होतं. मी त्यांना काही बोलले नाही. मी आता कुणालाच काही बोलत नाही.

घराच्या दाराशी पोचले तर आजोबा-नात ओसरीवर बसली होती. वाटी नव्हती, तेल नव्हतं. अनूचे हात स्वच्छ होते.

“म्हण बरं, अनू,” बाबा म्हणाले.

“चैत्र, वैशाख, ज्येष्ठ,” ती म्हणाली आणि थांबली. ओठ हलवून पाहिले. पुन्हा सुरुवात केली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. पुन्हा तिथेच थांबली. दवाखान्यातून आल्यापासून ती रोज तिथेच थांबत होती. पण आज पहिल्यांदा तिला स्वतःलाच ते कळलं. आपल्याला हे येत होतं, उलटंसुद्धा येत होतं, हे तिला आठवत असावं. तिची हनुवटी थरथरायला लागली.

“आजोबा, पुढं काय असतं?”

बाबा पन्नास वर्षं पंचांग वाचतात. झोपेतून उठवलं तरी तिथी, वार, नक्षत्र सांगतील. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

“मला बी आठवत न्हाई गं बाळा,” ते म्हणाले.

“तुमाला पण?” तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

“मला पण. काय करावं? उद्या बघू, दोघांपैकी कुणाला आठवतं का.”

मग ती हसली. विसरणारी आपण एकटीच नाही, म्हणून.